नाडीची गाठ

वार्तुही आत्या बूट घालून झोपायची.
तपकिरी, पुरुषी, घोट्यापर्यंतचे बूट,
नाडीला दोन गाठी,
चादर मळू नये म्हणून पायांखाली वर्तमानपत्र.

ग्युम्रीत तेव्हा आम्ही लोखंडी डब्यात राहायचो.
तात्पुरता म्हणून मिळालेला.
त्या तात्पुरत्यात माझे सगळे दुधाचे दात पडून गेले.
हिवाळ्यात आतल्या खिळ्यांवर बर्फ धरायचं.
मी तिच्याच खाटेवर निजायचे, आणि माझ्या पोटरीला
रात्रभर ते चामडं गार लागायचं.

विचारलं की म्हणायची, सवय.
खरं कारण बाबांनी सांगितलं, एकदाच,
शेगडीत लाकूड सारताना, माझ्याकडे न बघता.
डिसेंबरात जमीन हलली तेव्हा ती फरशी पुसत होती, अनवाणी.
तशीच धावली शाळेकडे, काचांवरून, दगडांवरून.
तळवे चिरले. दोनदा पडली.
पोचली तेव्हा शाळा नव्हती.
सिरानूश नऊ वर्षांची होती.

"पायात बूट असते तर."
एवढं एक अर्धं वाक्य
आत्याने तीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

देवळात जायची ती. वाळूत मेणबत्ती रोवायची,
पण बसायची दाराशी, एक पाय बाहेर असल्यासारखी.
तेर मेस्रोप एकदा हळूच म्हणाले,
वार्तुही, वादळात होडी बुडायला आली होती
आणि प्रभू उशाशी काहीतरी घेऊन झोपला होता, आठवतं ना?
"आठवतं," आत्या म्हणाली.
"त्याला कुणाला शाळेतून आणायचं नव्हतं."
ते काही बोलले नाहीत. टोपी काढून शेजारी बसून राहिले.
मला ते तेव्हापासून आवडू लागले.

मग गेल्या वर्षीचा मार्च. आता पक्कं घर, तिसरा मजला.
माझा आर्तिन चार महिन्यांचा,
तीन दिवसांचा ताप उतरून
पहिल्यांदाच गाढ झोपलेला, तिच्या मांडीवर.
आधी कपबशा किणकिणल्या. मग दिवा हलला.
मग भिंतीतून तो आवाज.
एकदा ऐकलेला माणूस पुन्हा विचारत नाही, हा कसला.
जिन्यात दारं आपटली, कुणी कुणाला हाका मारत होतं.
मी स्वयंपाकघरातून धावले, "आत्या, ऊठ!"
आणि ती बसून.
पायात बूट, दोन गाठी मारलेल्या,
तीस वर्षांची तयारी,
आणि ती बाळावर ओणवी होऊन बसलेली,
ओठांवर बोट.

थांबलं तेव्हा दुधाच्या सायीवर चुन्याचा एक पोपडा, एवढंच.
"आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा," ती म्हणाली.

रात्री माझ्या खोलीत आली. गाठ सुटेना.
बोटं वाकडी झालेली तिची.
मी जमिनीवर बसून दातांनी सोडवली.
आतून जे पाय निघाले ते परक्या बाईचे असावेत
इतके पांढरे; तळव्यांवर जुन्या वणांच्या रेघा.
बराच वेळ ती त्यांच्याकडेच बघत होती.

"मला वाटायचं, तो तेव्हा झोपला होता," ती म्हणाली.
"आज पोर झोपलं होतं आणि मी जागी होते.
मग मनात आलं, सिरानूशवर
असंच कुणी ओणवं झालं असेल का गं?
माझ्या आधी पोचून.
त्याचेही पाय काही धड नव्हते."

प्रश्न होता की उत्तर, मला कळलं नाही.
तिनेही पुढे काही म्हटलं नाही. कूस बदलली
आणि चक्क घोरू लागली.

मी मात्र टक्क जागी.
मोबाइल चार्ज, बॅटरी उशाखाली.
दोनदा उठून तिच्या बुटांची तोंडं
दाराकडे वळवून ठेवली, न जाणो.

पहाटे डोळा लागला असावा.
उठले तर बूट खिडकीत होते, उन्हाकडे तोंड करून,
आणि त्यांच्यावर आर्तिनचे मोजे
वाळत घातलेले.